फळ्यावरचा क्लोरिन आणि पऱ्हाटीवरचा फवारा

पोळा आटोपला की वऱ्हाडात कपाशीच्या फवारणीला जोर चढतो. पऱ्हाटी पात्या-फुलांवर आलेली असते, मावा आणि तुडतुडे पानांच्या पाठीमागे ठाण मांडून बसलेले असतात, आणि पाठीवर पंप बांधलेला मजूर ओळीमागून ओळ संपवीत वावराच्या धुऱ्याकडे सरकत असतो. त्याच सत्रात अमरावती आणि अकोला येथील कनिष्ठ महाविद्यालयांत व त्यांच्या भोवती उगवलेल्या शिकवणीवर्गांत बारावीचे विद्यार्थी ‘हॅलोजन व्युत्पन्ने’ या प्रकरणाची टिपणे उतरवून घेत असतात. कार्बनला जोडलेला क्लोरिन कोणत्या परिस्थितीत सुटतो, कोणत्या परिस्थितीत सुटत नाही, त्याच्या जागी काय येऊन बसते, हे त्या प्रकरणाचे सार होय. त्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे वडील, काका किंवा त्यांच्या वावरातील सालदार त्या घडीला तोच कार्बन आणि तोच क्लोरिन अंगावर घेत असतात. परंतु फळ्यावरचा क्लोरिन आणि पंपातला क्लोरिन यांची ओळख करून देण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नाही. ही केवळ अध्यापनपद्धतीतील उणीव असती तर तिची चर्चा शिक्षकांच्या परिषदेवर सोडून देता आली असती. २०१७ सालच्या पावसाळ्यानंतर तसे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले व शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विदर्भाच्या इतर कापूसपट्ट्यातूनही बाधितांच्या बातम्या येत राहिल्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमण्यात आले, आणि नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा व वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीला साठ दिवसांची मनाई केली. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस अशी ती पाच नावे. वर्तमानपत्रांतून ती नावे छापून आली, चार दिवस लोकांच्या तोंडी राहिली आणि विरून गेली. ज्या विद्यार्थ्यांना त्या नावांचा अर्थ लावता आला असता, त्यांना तो लावून पाहावा असे कोणी सांगितले नाही.

अर्थ लावावयाचा तर प्रारंभ त्या प्रकरणाच्या पहिल्या पानापासूनच करावयास हवा. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही हॅलोजन कुटुंबातील चार प्रमुख भावंडे. कार्बनशी त्यांचा जो बंध जुळतो त्याची बळकटी सारखी नसते. मिथेनच्या एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसविला तर तो बंध तोडण्यास एका मोलमागे सुमारे ४५२ किलोजूल ऊर्जा लागते. क्लोरिनच्या बाबतीत हा आकडा सुमारे ३५१, ब्रोमिनच्या बाबतीत २९३ आणि आयोडिनच्या बाबतीत २३४ इतका उतरतो. म्हणून आयोडिनचे संयुग सहज विक्रियाशील, तर फ्लोरिनचे हट्टी. क्लोरिन या दोहोंच्या मध्ये येतो. तो कोणाच्या शेजारी बसला आहे यावर त्याचे वर्तन ठरते. कार्बनच्या साध्या साखळीला जोडलेला क्लोरिन अल्कलीच्या पाण्यातील द्रावणात उकळला असता जागा सोडतो आणि अल्कोहोल तयार होते. तोच क्लोरिन बेंझीनच्या वलयाला चिकटला की वलयातील इलेक्ट्रॉनांच्या आधाराने असा घट्ट बसतो की, क्लोरोबेंझीनपासून फिनॉल मिळविण्यास कॉस्टिक सोड्यासह सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमान आणि ३०० वातावरणांचा दाब द्यावा लागतो. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांसाठी येतो: ‘क्लोरोबेंझीन प्रतियोजन अभिक्रियेस कमी प्रवृत्त का असते?’ विद्यार्थी त्याचे बिनचूक उत्तर लिहितात. परंतु ज्याला हलवावयास भट्टीची उष्णता आणि तीनशे पट दाब लागतो, तो वावराच्या मातीत पडल्यावर कोणत्या उष्णतेने आणि कोणत्या दाबाने हलणार, हा त्यापुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही.

डीडीटी हे त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर होय. क्लोरोबेंझीन आणि क्लोरल यांच्यापासून १८७४ साली ऑथमर झाइडलर याने ते प्रथम बनविले; त्याचा कीटकनाशक गुण मात्र १९३९ साली पाउल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानी आला आणि १९४८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. या रेणूत पाच क्लोरिन आहेत. दोन बेंझीनच्या वलयांवर, तीन मधल्या कार्बनवर. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज मुरतो. ऊन, पाऊस आणि मातीतील जिवाणू त्याला लवकर मोडू शकत नाहीत. म्हणजे भिंतीवर एकदा मारले की महिनोन्‌महिने डास मारीत राहावे, हा त्याचा गुण आणि दुधात, माशांत, माणसाच्या चरबीत वर्षानुवर्षे साठत राहावे, हा त्याचा दोष. या दोन्ही गोष्टी एकाच बंधाच्या बळकटीतून निघाल्या आहेत.

त्याचा गुण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख माणसे त्याने मरत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारले गेले आणि १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या सुमारे एक लाखावर आली. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्यासारख्या हिवतापाने गांजलेल्या मुलखात आरोग्य खात्याचा फवारणीवाला गावात येणे म्हणजे काय, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. आरोग्यासाठी आलेले हे औषध शेतीत मुक्तहस्ताने वापरले जाऊ लागले, तेव्हा मात्र हिशेब बदलला. भिंतीवरचा हातभर पट्टा आणि शेकडो एकरांवरची पऱ्हाटी यांत मापाचा फरक होता. आणि रसायनात मापाचा फरक हाच पुष्कळदा औषध व विष यांमधील फरक ठरतो.

डीडीटीच्या पाठोपाठ त्याची भावकी आली. बेंझीनवर सूर्यप्रकाशात क्लोरिनची क्रिया घडवून बीएचसी बनविले जाते. सहा कार्बन, सहा हायड्रोजन, सहा क्लोरिन. परंतु त्यातील अणूंची मांडणी अनेक प्रकारे होऊ शकते, आणि कीटकांवर परिणाम करणारा गॅमा नावाचा प्रकार बाजारी बीएचसीत शेकडा दहा ते पंधराच असतो. बाकीची पंच्याऐंशी टक्के पावडर किडीला न मारता नुसतीच मातीत जात होती, आणि तिच्यातील बीटा हा प्रकार तर सर्वांत चिवट. समघटक म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून बोलके उदाहरण कोठे शोधावे? मग आले एंड्रिन, ज्यात पुन्हा सहा क्लोरिन. त्याचे नाव तर महाराष्ट्राच्या खेड्यांतून आत्महत्येला प्रतिशब्द म्हणून रूढ झाले होते. १९८९ साली डीडीटीचा शेतीतील वापर बंद करण्यात आला, १९९० साली एंड्रिन गेले, १९९७ साली बीएचसी गेले. आणि केरळातील कासारगोडच्या काजूबागांमधील हृदयद्रावक अनुभवानंतर मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानच्या उत्पादनास व वापरास मनाई केली. त्यातही क्लोरिन सहाच. बंदीच्या या तारखा पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली प्रसिद्ध झाले होते. म्हणजे ज्ञान अगोदर आले आणि निर्णय तीन-चार दशकांनी. मधल्या काळाची किंमत मातीने, गुराढोरांनी आणि माणसांनी भरली.

या काळात किडी स्वस्थ बसल्या नव्हत्या, ही या कथेतील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट. अल्कोहोलमधील पोटॅशने हॅलोजनयुक्त संयुगातून हायड्रोजन आणि हॅलोजन एकदम बाहेर पडतात व कार्बन-कार्बनमध्ये दुहेरी बंध निर्माण होतो, ही अभिक्रिया बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. डीडीटी वापरात आल्यावर काही वर्षांतच घरमाशा त्याला दाद देईनाशा झाल्या. शास्त्रज्ञांनी कारण शोधले, तेव्हा अशा माशांच्या शरीरात एक विकर सापडले, जे डीडीटीमधून एक हायड्रोजन आणि एक क्लोरिन काढून घेऊन त्याचे डीडीई या दुसऱ्या संयुगात रूपांतर करते. डीडीई माशीला मारू शकत नाही. जी अभिक्रिया विद्यार्थी चंबूत उकळत्या पोटॅशने घडवितात, ती माशी आपल्या इवल्याशा देहात साध्या तापमानाला घडवून आणते! आणि डीडीईवर चार क्लोरिन शिल्लक राहिल्यामुळे ते मातीत व चरबीत डीडीटीइतकेच चिवटपणे टिकून राहते. म्हणजे माशी सुटली आणि माणूस अडकला.

यानंतर कपाशीला वाचविण्यासाठी पायरेथ्रॉइड वर्गाची औषधे आली. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणारे पायरेथ्रम हे फार जुने कीटकनाशक. त्यात हॅलोजन नाही आणि उन्हात ते काही तासांत मोडते, त्यामुळे शेताच्या कामाचे नव्हते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे मायकेल एलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रेणूत फेरबदल केले, त्यांतील एक म्हणजे दोन मिथिल गटांच्या जागी दोन क्लोरिन बसविणे. १९७३ साली परमेथ्रिन अवतरले आणि उन्हात टिकणाऱ्या औषधांची एक फळीच उभी राहिली. सायपरमेथ्रिनमध्ये दोन क्लोरिन, डेल्टामेथ्रिनमध्ये दोन ब्रोमिन. येथेही कळ तीच. हॅलोजन बसविला की टिकाऊपणा येतो. वऱ्हाडच्या कृषी सेवा केंद्रांतून १९८० नंतरच्या दशकात ही औषधे घराघरांत पोचली. परंतु १९८७ च्या सुमारास आंध्रच्या कापूसपट्ट्यात हिरव्या बोंडअळीने त्यांनाही दाद दिली नाही, आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता तेथून येऊ लागल्या. २००२ साली बीटी कपाशी आली. त्याआधी देशातील लागवडीच्या सुमारे पाच टक्के क्षेत्रावर असलेले हे पीक देशातील सुमारे निम्मी कीटकनाशके रिचवीत होते. बीटीने काही वर्षे उसंत दिली. मग गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानण्याचे सोडले, आणि २०१७ चा हंगाम उजाडला.

त्या हंगामात नेमके काय घडले? पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती. फवारा कमरेच्या खाली न राहता छातीवर आणि तोंडावर येत होता. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपांचा फवारा बारीक आणि जोराचा होता. किडी दाद देत नाहीत म्हणून दोन-तीन औषधे एकत्र कालविली जात होती. पावसाने उघडीप दिली की ऊन आणि दमट उकाडा यांमुळे हातमोजे, मुखपट्टी, जाड कपडे अंगावर सहन होत नव्हते, आणि पुष्कळांकडे ते नव्हतेच. आता प्रोफेनोफॉसच्या रेणूकडे पाहिले तर त्याच्या वलयावर एक ब्रोमिन व एक क्लोरिन असून घातक घाव मात्र त्याच्या फॉस्फरसच्या टोकाचा आहे. मज्जातंतूंचा निरोप संपविणारे विकर ते बंद पाडते. ही औषधे तेलकट द्रावकात विरघळवून विकली जातात आणि ओल्या घामेजल्या कातडीतून आत शिरण्यास त्यांना फारसा अडथळा होत नाही. माणूस विष ‘पीत’ नाही; ते त्याच्या सदऱ्यातून, पाठीवर गळणाऱ्या पंपातून, विडी ओढताना बोटांतून आत जाते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मनाई झालेल्या पाच औषधांपैकी पहिल्या दोन मिश्रणांतील चारही द्रव्ये हॅलोजनयुक्त आहेत. फिप्रोनिलमध्ये तर दोन क्लोरिन व सहा फ्लोरिन आहेत. परंतु ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस या तिहींत हॅलोजनाचा एकही अणू नाही, आणि त्यांतील मोनोक्रोटोफॉस तर अत्यंत जहाल. उलट आषाढ-श्रावणात हिवतापावर दिली जाणारी क्लोरोक्विन, विषमज्वराने तापलेल्या कित्येक पिढ्यांना वाचविणारे क्लोरॅम्फेनिकॉल, जखमेवरचे आयडोफॉर्म आणि गळ्यातील ग्रंथी आयोडिनपासून तयार करते ते थायरॉक्सिन ही सारी कार्बनला हॅलोजन जोडलेलीच संयुगे आहेत. तेव्हा ‘क्लोरिन म्हणजे विष’ असे घोषवाक्य बनविणे हे ‘औषध म्हणजे औषधच’ असे समजण्याइतकेच अज्ञानाचे आहे. रेणूची सारी रचना पाहिल्यावाचून त्याचा स्वभाव कळत नाही, हाच तर रसायनशास्त्राचा धडा आहे.

भाषेनेही या अज्ञानाला हातभार लावला आहे. वऱ्हाडात कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. पंपात औषध, बाटलीत औषध, कोनाड्यात औषध. घरातील लहान मूल आणि तहानलेला म्हातारा या शब्दाने फसू शकतो. दुसरीकडे, रसायनशास्त्राच्या पुस्तकात कार्बनच्या संयुगांना ‘सेंद्रिय’ म्हटले जाते, आणि कृषी खात्याच्या फलकावर ‘सेंद्रिय’ म्हणजे रसायनांवाचूनची शेती. पुस्तकाच्या व्याख्येने डीडीटी सेंद्रिय ठरते, फलकाच्या व्याख्येने ते सेंद्रियाचा शत्रू. शाळेत एक अर्थ शिकून घरी दुसरा ऐकणाऱ्या मुलाने कोणता खरा मानावा? त्यातही बारावीचे विज्ञान बहुधा इंग्रजीतून शिकविले जाते. मुलगा अभिक्रियेची यंत्रणा इंग्रजीत बाणांनिशी रेखाटतो. बापाच्या हातातील डब्यावरचे पत्रक मात्र वाचून दाखवू शकत नाही, कारण ते वाचावयाचे असते हे त्याला कोणी शिकविलेले नाही.

वास्तविक ते पत्रक आणि त्या डब्यावरील चौकोन यांमागे कायदा उभा आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ ची नियमावली यांनुसार प्रत्येक डब्यावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो व त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती तोंडावाटे दिलेली मात्रा शरीराच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्याहून अधिक असेल तर हिरवा. विषबाधा झाल्यास काय करावे, याची सूचनाही पत्रकात प्रादेशिक भाषेत असावी लागते. ती असतेही, परंतु मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणि अशा मराठीत, की भाषांतरकारालाही तिचा अर्थ विचारावा लागावा.

कोणी म्हणेल, या साऱ्याचा भार शाळामास्तरांवर का? आक्षेप रास्त आहे. दाट पिकात कोणत्या यंत्राने फवारावे हे न तपासता यंत्र विकणारा, संरक्षक कपडे उष्ण हवेत घालता येतील की नाही याचा विचार न करता औषध बाजारात आणणारा कारखानदार, मनाई साठ दिवसांपुरती घालून मोकळे होणारे शासन आणि शिफारशीवाचून तीन डबे एकत्र गळी उतरविणारा दुकानदार यांची जबाबदारी कोणत्याही शाळेवर ढकलता येणार नाही. ‘शेतकऱ्याने काळजी घेतली नाही’ या एका वाक्यात वीस-बावीस मृत्यूंचा निकाल लावणे हे तर शुद्ध निर्दयपणाचे आहे. जो मजूर दिवसाच्या रोजासाठी दुसऱ्याच्या वावरात फवारतो, त्याला औषध निवडण्याचा अधिकार नसतो, पंप निवडण्याचा नसतो आणि काम नाकारण्याचा तर नसतोच. त्याचे भिजलेले कपडे घरी धुणाऱ्या बाईची गणना तर कोणत्याच आकड्यात होत नाही. दोष वाटून घेण्याची वेळ येईल तेव्हा क्रम याच दिशेने लागला पाहिजे. परंतु ज्ञान वाटून देण्याचा प्रश्न वेगळा आहे. ते ज्यांच्यापाशी आहे त्यांनी, दुसऱ्यांचा दोष मोठा आहे म्हणून, आपले काम थांबवावे असे होत नाही.

आणि ते काम फार मोठे नाही. क्लोरोबेंझीन शिकविताना शिक्षकाने डीडीटीची रचना फळ्यावर काढावी. हायड्रोजन-क्लोरिन बाहेर पडण्याची अभिक्रिया शिकविताना घरमाशीची गोष्ट सांगावी. समघटकांसाठी बीएचसी घ्यावे. अभ्यासक्रमाबाहेर एक पाऊलही टाकावे लागत नाही. तांब्याच्या तारेने ज्योत हिरवी करून हॅलोजन ओळखण्याची परीक्षा प्रयोगशाळेत, प्रयोगशाळेतीलच द्रव्यावर दाखवावी. कीटकनाशकाचा थेंबही वर्गात आणू नये, हे सांगणे हाच त्या तासाचा पहिला पाठ ठरावा. माध्यमिक शाळांत एक तास डब्यावरील त्रिकोणासाठी राखावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी गावात झाडू फिरविण्याबरोबरच एका रविवारी पत्रके मोठ्याने वाचून दाखवावीत. औषध अंगावर सांडले तर कपडे ताबडतोब उतरवून साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. मनाने उलटी करवू नये. अंगाला तेल चोळू नये आणि दूध-तूप पाजू नये, कारण चरबीत विरघळणाऱ्या विषाला चरबीच आत वाहून नेते. एवढ्या चार गोष्टी आणि त्यांमागची कारणे बारावीचा विद्यार्थी सहज सांगू शकेल.

कार्यालयांतील लेखनिकांचा वाटाही यात आहे आणि तो किरकोळ नाही. फॉस्फरसयुक्त विषावर ॲट्रोपिन आणि पीएएम ही उताऱ्याची औषधे आहेत. पायरेथ्रॉइडावर, फिप्रोनिलवर किंवा इमिडाक्लोप्रिडवर तसा खास उतारा नाही, तेथे लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. म्हणून कोणते विष, हे डॉक्टरांना पहिल्या घटकेस कळणे यावर पुष्कळ काही अवलंबून असते. रुग्णाबरोबर डबा किंवा त्यावरचे वेष्टन आणावयास सांगणे, केसपेपरवर नुसते ‘फवारणीची विषबाधा’ असे न लिहिता द्रव्याचे शास्त्रीय नाव उतरवून घेणे, सोसायटीच्या व दुकानाच्या पावतीवर व्यापारी नावाबरोबर घटकद्रव्याचे नाव येईल असे पाहणे ही कामे लेखणीने होणारी आहेत. मृताच्या वारसाला मदत मिळण्याची वेळ येते तेव्हाही हाच कागद त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध उभा राहतो.

डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्थेचे रोप लावले आणि पुढे १९५२ पासून दहा वर्षे देशाचे कृषिमंत्रिपद भूषविले. शाळा आणि शेत ही दोन स्वतंत्र खाती आहेत असे त्यांना कधी वाटले नाही. १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्याच वऱ्हाडात आज शाळेतील रसायनशास्त्र शेताला ओळखत नाही आणि शेतातील रसायनाला शाळेची ओळख नाही, ही स्थिती त्यांच्या नावाला साजेशी नव्हे. विद्यापीठाने प्रत्येक हंगामाच्या तोंडी त्या वर्षी वापरल्या जाणाऱ्या औषधांची माहिती, त्यांच्या रेणूंची ओळख आणि विषबाधेवरील उपाय यांचे एक साधे मराठी पुस्तक काढून ते प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाकडे धाडावे. खर्च फारसा नाही. गरज आहे ती ते आपले काम मानण्याची.

कार्बन आणि क्लोरिन यांमधील बंध तोडावयास किती ऊर्जा लागते, याचा आकडा पुस्तकात छापलेला आहे. वर्ग आणि वावर यांमध्ये पडलेली भिंत तोडावयास किती लागेल, याचा आकडा कोठे छापलेला नाही. परंतु पुढच्या पोळ्यानंतर पऱ्हाटी डोक्याएवढी वाढेल, पंप पाठीवर चढेल आणि एखादा मजूर डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाकडे न पाहताच झाकण उघडील, तेव्हा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शिकल्या मुलाने त्याचा हात धरून त्याला थांबविले, तरी या प्रकरणाचे गुण त्याला मिळाले असे समजावयास हरकत नाही.